आबांच्या गाडीचं व्होल्टेज

आबांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, हे डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावून हळू आवाजात सांगितलं. साखरेची जखम होती, वर सरकत चालली होती, दुसरा इलाज नव्हता. माय तोंडाला पदर लावून उभी, मी भिंतीला टेकलेली. फक्त एक चूक झाली. आमच्या आणि आबांच्या मध्ये भिंत नव्हती, पडदा होता. आतून आवाज आला, "डावा ना? म्हंजे क्लचना. ब्रेकना शे ना जागावर? मंग काय रडतस?"

माझा बाप एसटीत ड्रायव्हर होता. शहाद्याहून धडगावला जाणारी बस त्यांनी इतकी वर्षं चालवली की घाटातल्या वळणांना ते शिव्यांनी ओळखायचे, प्रत्येक वळणाला वेगळी. पुढे बॉनेटवर दोन म्हाताऱ्या, पायाशी कोंबड्यांची टोपली, मागे उभं राहायलाही जागा नाही, अशा गाडीत हा माणूस राजासारखा बसायचा. घरी आम्हाला त्यांनी कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही, पण गाडी धुताना आतल्या सीटवर बसू द्यायचे. त्यांचं प्रेम एवढंच होतं आणि आम्हाला तेवढं पुरायचं.

रिटायर झाल्यावर ते कळसाडीला, आमच्या गावी, येऊन राहिले. जमीन थोडी, ती वाट्याने दिलेली. मग काम एकच. रोज सकाळी उसाच्या शेतांमधल्या रस्त्याने फाट्यावर जायचं, चिंचेखालच्या बाकावर बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येक बसची इज्जत काढायची. "गियर टाकस का दगड फोडस?" हे ठरलेलं वाक्य. निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेले, ते बस हळू करून हॉर्न द्यायचे. आबा हात वर करायचे नाहीत, नुसती मान हलवायची. पगार बंद झाला तरी साहेबी बंद झाली नव्हती.

दवाखान्यातला विनोद घरी येईपर्यंत टिकला. घरी आल्यावर संपला. नकली पाय बसेना, कापलेल्या जागी सूज यायची, दोन पावलं टाकली की घाम फुटायचा. कुबड्यांवर ओट्यापासून मोरीपर्यंत जाता यायचं, बस्स. कोणीतरी ढकलायची चाकाची खुर्ची आणून दिली. शेजारच्याने एकदा त्यांना तिच्यात बसवून फाट्याकडे न्यायला काढलं, तर अंगणाच्या कडेलाच आबांनी दोन्ही हातांनी चाकं धरली. म्हणाले, "माले कोनी ढकलानं नही. सांगी ठेवस." खुर्ची परत फिरली. तिच्यावर आता मायने वाळवणाची चादर टाकलेली असते.

त्यानंतर ते ओट्यावर बसून राहिले. मायचा फोन आला, "तुन्हा बाप तोंड पाडीसन बठेल शे. बोलस नही, भांडस नही. माले भीती वाटस." माझ्या मायला नवरा भांडत नाही याची भीती वाटते म्हणजे पाणी कुठवर आलं होतं ते बघा. मलाही भीती वाटली. हा माणूस पायाने मरणार नाही, ओट्यावर बसून मरेल, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

आता माझ्याबद्दल सांगते. मी आयटीआय केलेली बाई. शहाद्यात नवऱ्याचं फवारणी पंपांचं दुकान आहे. तो पंप विकतो आणि मी ते दुरुस्त करते. त्याला स्क्रू कोणत्या बाजूने फिरवायचा हेही विचारावं लागतं, पण गोड बोलतो, म्हणून गल्ला त्याच्याकडे. कापसाच्या दिवसांत बॅटरीवाल्या पंपांचा ढीग पडतो. आतली जुनी जड बॅटरी वर्षा-दोन वर्षांत मान टाकते. मग मी त्या जागी लिथियमचे सेल जोडून हलका पॅक बसवायला लागले. आधी घाबरत घाबरत, मग बिनधास्त. होळीच्या आधी धडगाव-काठीकडची पोरं जीपमधून स्पीकरचे मेलेले पॅक घेऊन येतात आणि काउंटरवर नवऱ्याला विचारतात, "बॅटरीवाली बाई आहे का?" नवऱ्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होतं.

तर मी ठरवलं, आबांना कोणी ढकलायचं नाही ना? ठीक. मोटर ढकलेल.

हाताने पॅडल मारायची तीनचाकी सायकल मिळवली. मागच्या चाकात मोटर बसवली, हँडलला एक्सलेटर, दोन्ही हातांना ब्रेक. आणि सीटखाली पत्र्याच्या पेटीत माझा पॅक, घरी केलेला, अठ्ठेचाळीस व्होल्टचा. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, फार अवघड नाही. बोटाएवढे जाडसर सेल. थोडे थोडे एकत्र बांधून त्यांचे गट करायचे. असे तेरा गट एकापुढे एक रांगेत जोडायचे, म्हणजे सगळ्यांची बेरीज अठ्ठेचाळीसच्या आसपास जाते. आणि या तेराही गटांवर नजर ठेवायला एक छोटी हिरवी पाटी असते. प्रत्येक गटाकडून एक केसासारखी बारीक वायर तिच्याकडे जाते आणि ती कोणाच्या पोटात किती आहे ते सतत बघत असते. तेरातला एक जरी गट फार खाली गेला, तर ही पाटी सगळ्या घराचा पुरवठा बंद करते. धंद्यात तिला बीएमएस म्हणतात. मी सासूबाई म्हणते. माझ्या सासूबाईंना हे माहीत आहे. त्यांनी अजून तरी पुरवठा तोडलेला नाही.

गाडी घेऊन कळसाडीला गेले, सगळं जोडून दिलं. आबांनी ओट्यावरून नुसतं पाहिलं. चाकाची हवा बोटाने दाबून बघितली, हँडल हलवून बघितलं. एक ट्रकचा जुना आरसा त्यांच्याकडे पडलेला होता, तो लावून घेतला. चालवा म्हटलं तर म्हणाले, "आज शनवार. शनवारना दिन नवी गाडी काढतस नही." दुकानात पंपांची रांग लागली होती, मला थांबता येईना. मी निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायचा फोन. ती इतक्या जोरात बोलत होती की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. आबा एकटे फाट्यावर गेले, दोन बसना शिव्या दिल्या, परत आले आणि आल्या आल्या वरणात मीठ कमी म्हणून तिच्यावर ओरडले. "ओरडनात व माय!" ती म्हणाली आणि रडायला लागली. मी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटलं घरात बारसं आहे.

काही दिवस असे सुखाचे गेले आणि गाडी रस्त्यात बंद पडली. उसाच्या मधोमध. आबा तासभर तिथेच बसून राहिले आणि शेवटी एका ट्रॅक्टरने दोर बांधून आणलं. मी फोनवर मायकडून थेट सेलच्या रांगेच्या दोन टोकांना मीटर लावून घेतला. मीटर वापरायला मी तिला शिकवून ठेवलं होतं. ती म्हणाली अठ्ठेचाळीस दाखवतोय. मी म्हटलं, मग बॅटरी ठणठणीत आहे, मोटरची वायर सुटली असेल. आबांनी सगळ्या वायरी तपासल्या, एकही सुटलेली नव्हती. मग पॅक एसटीत कंडक्टरच्या हवाली करून माझ्याकडे पाठवला.

टेबलावर उघडला आणि एकेक गट वेगळा मोजला तेव्हा कळलं. बारा गट छान भरलेले आणि तिसऱ्याचं पोट पाठीला लागलेलं. बेरीज मात्र अठ्ठेचाळीसच. बारा जण पोटभर जेवले आणि एक उपाशी, तरी पंगतीचा हिशेब बरोबर लागतो, तसं. सासूबाईंनी त्या एकासाठी सगळ्यांचा पुरवठा तोडला होता. बारीक वायरींच्या प्लगवर थोडं हिरवं साचलेलं दिसलं, ते मी पावसाळी हवेवर ढकललं, ब्रशने झाडलं आणि तिसऱ्या गटाचे सेल बदलले. जुन्या लॅपटॉपमधले सेल होते, एखादा दगा देतोच. चार्ज केला, बल्ब जोडून पूर्ण उतरवून पाहिला, पुन्हा भरला. सोन्यासारखा चालला. पाठवून दिला.

पुन्हा काही दिवस बरे. पुन्हा रस्त्यात बंद. या वेळी तिसरा आणि चौथा, दोन्ही उपाशी. मी चिडले. सेल जोडणाऱ्या पट्ट्या नीट चिकटल्यात का ते ओढून पाहिलं, सगळे सांधे नव्याने मारले, सासूबाईंना काढून नवी पाटी बसवली. पुन्हा टेबलावर दिवसभर चालवून पाहिला. एक दाणा इकडचा तिकडे नाही. माझ्या टेबलावर हा पॅक एवढा गुणी की बघतच राहावं, आणि कळसाडीला गेला की अंगात आल्यासारखं करायचा. माहेरी शहाणी आणि सासरी वेडी, अशी पोर असते ना, तिच्यात दोष शोधून सापडत नाही, दोष सासरी शोधावा लागतो. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, मी स्वतः एका घरची सून आहे. पण नाही सुचलं.

तिसऱ्यांदा गाडी फाट्यावरच बंद पडली. चिंचेखाली सगळे जमलेले, समोर धडगावची बस उभी, तिच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघतायत. दोघातिघांनी भलेपणाने हात लावला आणि आबांना गाडीसकट ढकलत घरी आणलं. संपूर्ण रस्ता. मागे पोरांची वरात. घरी येऊन आबा म्हणाले, "आते माले त्या गाडीमा बठनंच नही. तुन्ही पोरले सांगी दे, खेळनं घरमा ठेव." मायने हे मला शब्द न् शब्द ऐकवलं आणि शेवटी म्हणाली की आज जेवलेही नाहीत.

मला त्या पॅकचा इतका राग आला होता की तो आला तेव्हा मी झाकण उघडलं नाही, उचकटलं. आणि आतून मुंग्या बाहेर आल्या. लाल, बारीक, रांगेने. बॅटरीत मुंग्या! मी आजवर पंपांत पाल पाहिलेली आहे, झुरळं पाहिलीत, एकदा एका स्पीकरच्या खोक्यात उंदराचं बाळंतपण पाहिलं, पण लिथियम खाणाऱ्या मुंग्या पहिल्यांदाच. बारीक वायरींच्या प्लगवर हिरवा थर, शेजारी काहीतरी चिकट. तिसऱ्या-चौथ्या वायरीच्या मधोमध तो चिकटा अगदी गच्च बसलेला. वीज तिथूनच झिरपत होती, एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर, दिवसरात्र, चोरासारखी. म्हणून ते दोन गट उतरायचे. आणि मी दर वेळी प्लग काढून झाडून परत लावत होते, म्हणून माझ्याकडे सगळं ठीक व्हायचं. सेल निर्दोष, पाटी निर्दोष. मी उगाच सासू बदलली होती.

पण चिकट काय आहे? वास घेतला. आंबूस. गोडसर आंबूस. नवऱ्याला हुंगायला दिलं. तो कामाचा नाही, पण नाक चांगलं आहे. तो म्हणाला, "ताडी."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आबा रोज सकाळी एकटे जातात. फाट्यावर बसतात. गाडीच्या सीटखाली पेटी आहे, झाकण आहे, आत बाटली मावेल एवढी जागा आहे. साखरेचा पेशंट, एक पाय गेलेला, आणि हा उद्योग. मी मायला फोन लावला आणि जे वाटत होतं ते सरळ सांगितलं. मायने फोन ठेवलासुद्धा नाही, तसाच हातात धरून ओट्यावर गेली. मला सगळं ऐकू येत होतं.

"पेवाले लागनात का तुम्ही?"

मग आबांचा आवाज, कितीतरी दिवसांनी एवढा मोठा. "ष्टेरिंगवर बठेल मानूस शे मी! सारी उमर थेंबले हात नही लावा! कोन सांगस? तुन्ही पोर? त्या पोरले सांग, बापले हुंगाले ये आठे!"

तर मी बापाला हुंगायला कळसाडीला गेले. पॅक आधी स्पिरिटने धुतला, ब्रशने घासला, उन्हात वाळवला, भरला, आणि स्कूटीवर पुढे पायांत ठेवून स्वतः घेऊन गेले. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पॅक पेटीत बसवत असताना तोंड फिरवून बसले होते. मी म्हटलं, "बसायचं नसेल तर सांगा, मोटर काढून रसवाल्याच्या चरकाला लावते." त्यांनी विडी पेटवली. हुंगलं मात्र मी खरंच. जेवण वाढताना वाकून. विडीचा वास होता, खोबरेल होतं, बाकी काही नाही.

सकाळी मी मोरीत तोंड धुत होते आणि बाहेर काहीतरी हालचाल जाणवली. बघते तर माय देव्हाऱ्यातून नारळ घेऊन अंगणात निघालेली आणि आबा कुबडीवर गाडीपाशी उभे. मला बरं वाटलं. म्हटलं, राग गेला, बसतायत. विचारलं तर म्हणाले, "बठनं नही. पन गाडी वर्कशॉपमाईन उनी शे, नारय ते फोडनं पडी." बसायचं नाही, पण गाडी कामावरून आली आहे, तिचा मान तिला मिळाला पाहिजे. डेपोत चाळीस वर्षं हेच झालेलं. इंजिनाचं काम होऊन आलेली गाडी नारळाशिवाय फाटकाबाहेर काढायची नाही.

आणि मग त्यांनी वाकून सीटखालच्या पेटीचं झाकण उघडलं. नारळ गाडीच्या लोखंडी दांड्यावर आपटला, दोन भाग केले आणि दोन्ही करवंट्यांतलं पाणी अगदी भक्तिभावाने, धार धरून, माझ्या पॅकवर ओतायला हात पुढे केला.

मी तोंडात दात घासायची पेस्ट घेऊन किंचाळले. "आबा! काय करी ऱ्हायनात!"

अर्धं पाणी आत गेलं, अर्धं माझ्या हातावर. आबा रागावून म्हणाले, "इंजनले नारय दाखाडी ऱ्हायनू! इंजनले दाखाडाशिवाय गाडी रोडवर काढतस का कोठे?"

"दर वेळी ओतता?"

"ते मंग!"

माय मध्ये पडली. म्हणाली, पहिल्यांदा नुसते शिंतोडे मारले होते. दुसऱ्यांदा गाडी बिघडून आली तेव्हा अर्धा नारळ ओतला, म्हटलं पहिला कमी पडला असेल. तिसऱ्यांदा दोन नारळ आणले. पेटीचं झाकण नीट उघडून आतपर्यंत.

मला हसू फुटलं. असं हसू की मी अंगणात खाली बसले. गाडी बिघडते म्हणून नारळ, नारळामुळे गाडी बिघडते, म्हणून मोठा नारळ. आणि मी शहाद्यात बसून लॅपटॉपच्या सेलना शिव्या देतेय, पाटी बदलतेय, बापाच्या तोंडाचा वास घेतेय. नारळपाण्यात मीठ असतं, साखर असते, त्यातून वीज आरामात जाते, दोन दिवसांत ते आंबतं आणि ताडीसारखा वास मारतं. नवऱ्याचं नाक फार चुकलं नव्हतं, फक्त झाड चुकलं होतं.

हसता हसता माझं लक्ष आबांकडे गेलं. ते हसत नव्हते. हातात रिकामी करवंटी, नजर पेटीत. त्यांना विजेचं फार कळत नाही, पण वायरिंगमध्ये पाणी गेलं की काय होतं ते बस चालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे हाई मन्हामुये व्हयं?"

तेव्हा माझं हसू थांबलं. पाय गेल्यापासून या माणसाला कोणी एक शब्द वाकडा बोललं नव्हतं. सगळे जपून. तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही आराम करा, आम्ही करतो. नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हवा दमट आहे आबा, सेल जुने आहेत आबा. पण अर्धं पाणी अजून पॅकमध्ये होतं आणि माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "मग कोणामुळे? तुमच्याचमुळे! तीनदा! ड्रायव्हर म्हणवता आणि वायरिंगमध्ये पाणी ओतता? डेपोत कोणी असं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं त्याचं?"

मायने माझा हात दाबला.

आबांनी करवंटी खाली ठेवली. गाडीच्या सीटवर तळहात टेकला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही, कारण मला तिथे लाज दिसेल असं वाटलं होतं आणि दिसला आनंद. "म्हंजे गाडीमा खोट नही," ते म्हणाले. मग मायकडे वळून, जणू तिनेच गाडीवर आळ घेतला होता, "गाडी चांगली शे. डायवर चुकना."

डायवर चुकना. चुकायलाही आधी ड्रायव्हर असावं लागतं. पेशंट चुकत नाही, त्याला फक्त होतं. हे मला त्या अंगणात, ओल्या हातांनी, तोंडाला पेस्ट लागलेली असताना कळलं आणि मला माझ्या बापाचा इतका अभिमान वाटला की मी उठून पुन्हा त्यांच्यावरच ओरडले, की आता बघत काय बसलात, पॅक बाहेर काढायला हात लावा.

तो सगळा दिवस आम्ही दोघांनी मिळून काम केलं. आबांनी फडक्याने एकेक फट कोरडी केली, मी प्लग धुतला. बारीक वायरींवर सिलिकॉन भरलं. पाटीवर पाण्यापासून बचावाला एक पातळ लेप द्यायचा असतो, तो माझ्याकडे नव्हता. नेलपॉलिश चालतं, पण मायच्या घरात नेलपॉलिश कुठून? शेजारच्या सुनेकडे मिळालं, तेही लालभडक. सासूबाई नटून-थटून पेटीत बसल्या. झाकणाला मी चार स्क्रू मारले.

मग वाटाघाटी झाल्या.

"मंग नारय कोठे फोडू?"

"पुढच्या चाकापुढे. जमिनीवर."

"इंजनवर दोन थेंब?"

"एक पण नाही."

"ष्टेरिंगवर?"

"हँडलमध्ये एक्सलेटरची वायर आहे."

आबांनी विचार केला. "मंग आरसावर शिंपडस. त्यामा ते वायर नही ना?" आरशावर मी मंजुरी दिली.

दुसऱ्या सकाळी नारळ चाकापुढे फुटला, आरशावर दोन थेंब पडले आणि आबा कोणाचा हात न घेता सीटवर बसले. कुबड्या बाजूला अडकवल्या. मी घरात कामात असल्याचं दाखवत होते. गाडी अंगणातून बाहेर पडली तशी मी स्कूटी काढली, मीटर आणि स्क्रूड्रायव्हर डिकीत टाकले आणि बरंच अंतर ठेवून मागे निघाले. मला शहाद्याला जायचंच होतं, हे आपलं मनाला सांगायला. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. उसाच्या मध्ये गाडी पुन्हा बंद पडली तर या वेळी ते कायमचे ओट्यावर बसतील आणि मी तिथे असलेच पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये अरुंद रस्ता, पुढे आबांची पाठ. ताठ. गाडी एका लयीत चालली होती. पहिल्यांदा जिथे बंद पडली होती ती ओढ्यावरची मोरी आली, गेली. मी श्वास सोडला आणि नकळत थोडी जवळ गेले. आबांनी मागे वळून पाहिलं नाही. ट्रकचा आरसा कशाला लावून घेतला होता ते मला आता समजलं. त्यांचा उजवा हात बाहेर आला आणि दोनदा पुढे हलला. घाटात मागच्या गाडीला ड्रायव्हर देतो तसा. रस्ता मोकळा आहे, जा पुढे.

मी वेग कमी केला, जणू पाहिलंच नाही. हात पुन्हा बाहेर आला. या वेळी सोबत आवाजही. "निंघ ना व माय! काबरं मांगे मांगे फिरी ऱ्हायनी? रोड मोकया शे!"

काय करणार? साइड मिळाल्यावर घ्यावी लागते. मी हॉर्न दिला, ओव्हरटेक केलं. त्यांच्या बाजूने जाताना मला त्यांच्याकडे बघायचं होतं, पण डोळ्यांत पाणी होतं आणि स्कार्फ तोंडावर, त्यामुळे मी समोर बघितलं. ते काहीतरी म्हणाले. माझ्या गियरबद्दल असावं, स्कूटीला गियर नसतो तरी.

फाटा आला. चिंचेखाली चौघेपाचजण बसलेले होते. मागच्या वेळी ज्यांनी ढकलत आणलं होतं तेही त्यात होते. त्यांनी मला ओळखलं, एक जण उठून रस्त्यापर्यंत आला. "एकली शे का? डायवर कोठे शेतस?"

थांबावं आणि वाट बघावी, असं फार वाटलं. मीटर डिकीत होताच.

"गाडी लीसन ई ऱ्हायनात," मागच्या रस्त्याकडे हात करून मी ओरडून सांगितलं आणि शहाद्याच्या रस्त्याला लागले.